तारलीचे तेल

मासळीबाजारात तारलीला मान नाही. पापलेट, सुरमईच्या टोपल्या उठल्या की मग हिची पाळी. ढिगाने सापडते, लवकर नासते, आणि अंगात तेल फार! हे तेल काढण्याचा धंदा मलबार किनाऱ्यावर जुना. मासे कढईत उकळायचे, दाबायचे, वर आलेले तेल निथळून घ्यायचे, चोथा शेताला घालायचा. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन यांनी ही रीत सुधारण्याची पुष्कळ खटपट केली.

हे तेल होडीला चोळीत. हवा लागली की त्याची साय धरते, मग लाकूड पाण्याला दाद देत नाही. असे का होते? शिक्षक मंडळींनी इकडे ध्यान द्यावे. या तेलाच्या स्निग्धाम्लांत ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात; हवेतला प्राणवायू त्यांच्यावरच झडप घालतो. तेलाला कुबट वास सुटतो तोही त्यामुळेच. युरोपातील कारखानदारांनी हायड्रोजन सोडून हे बंध बुजवले. वास गेला, तेल थिजले, त्याचे मार्गारीन झाले.

आणि खरी किंमत त्या बंधांतच होती, पहा! बांग आणि डायरबर्ग या डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ग्रीनलंडच्या एस्किमोंचे रक्त तपासून १९७१ साली निष्कर्ष छापले. तेव्हापासून ओमेगा-३ आम्लांकडे जगाचे लक्ष गेले. हृदयविकाराविषयीच्या त्यांच्या अनुमानांवर पुढे कित्येकांनी शंका घेतली. पण मेंदू आणि डोळे यांच्या घडणीत ही आम्ले असतात, यात वाद नाही.

मग रटरट उकळून कसे चालेल? आता माशाचा लगदा नुसता कोमट ठेवतात आणि त्यात प्रथिने पचवणारी विकरे घालतात. आपल्या पोटात असतात त्याच जातीची ही. मांस विरघळते, तेल मोकळे होते. त्यानंतर दुसरे विकर, लायपेज. ते ग्लिसरीनला जोडलेली सरळ आम्ले भराभर तोडते; ओमेगा-३ ची वाकडी साखळी मात्र त्याच्या तोंडात सहज बसत नाही. तुटलेली आम्ले काढून टाकली की शेकडा ३० च्या आसपास असलेला अंश ५० च्या घरात जातो.

ज्याच्या दारी ताजी तारली येते, त्याने त्या तेलाची कुपी कशाला घ्यावी, हे मला तरी समजत नाही. पण तारली येईलच असे कोणी सांगावे? ती मोठी लहरी. २०१२ साली केरळात ती सुमारे ४ लाख टन मिळाली. २०२१ साली ४ हजार टनही नाही.