खांद्यावरचा तारा

तुमसर किंवा साकोलीच्या एसटी स्थानकावर सुटीवर आलेला एखादा जवान उतरला की पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. त्यांचं लक्ष दंडावरच्या फितींकडे आणि खांद्यावरच्या ताऱ्यांकडे असतं. "गुरुजी, दोन तारे म्हणजे मोठा साहेब ना?" असं कुणी विचारलं, तर काय सांगावं?

आधी ताऱ्यांजवळ रंगीत पट्टी आहे का, ते पाहावं. पट्टी असली तर तो सुभेदार आणि नसली तर लेफ्टनंट. पण हेच दोन तारे अमेरिकन लष्करात मेजर जनरलच्या खांद्यावर असतात. त्याच्या हाताखाली दहा-पंधरा हजारांची डिव्हिजन असू शकते. दुसरी गंमत पाहा. त्या लष्करात मेजरचं ओकचं पान सोनेरी, तर त्याच्या वरच्या लेफ्टनंट कर्नलचं रुपेरी. चांदी सोन्यावर चढलेली! आपल्या सोनाराला हे मुळीच पटायचं नाही.

म्हणजे चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. सर्वांनी मिळून जो मानला, तोच त्याचा अर्थ. नोटेचा कागद जसा सरकारच्या शब्दावर चालतो, तसंच हे.

आता आपल्याकडची नावं घ्या. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी असे. हुद्दा म्हणजे माणसांचा हिशेबच होता. गडावरच्या हवालदाराचा मान तर फार मोठा. गडाच्या किल्ल्या त्याच्या हाती असत. सुभेदार म्हणजे अख्ख्या सुभ्याचा कारभारी. आपला भंडारा ज्यांच्या राज्यात होता, त्या नागपूरकर भोसल्यांचा किताबही 'सेनासाहेब सुभा' असाच होता.

इंग्रजांनी हे शब्द उचलले, पण त्यांचं वजन उतरवलं. त्यांच्या फौजेत हवालदाराच्या दंडावर तीन फिती आल्या आणि नाइकाच्या दंडावर दोन. सुभेदार हा हिंदी शिपायांचा वडीलधारा. पण पलटणीत नुकताच आलेला कोवळा गोरा लेफ्टनंटसुद्धा त्याचा वरिष्ठ ठरे. सुभेदार-मेजर झाला की हिंदी माणसाची शिडी संपली! लढाऊ पलटणींत राजाची सनद मिळून हिंदी तरुण अधिकारी होऊ लागले, ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. डेहराडूनची लष्करी अकादमी निघाली ती १९३२ साली.

याच फौजेत रामजी सकपाळ सुभेदार होते. त्यांचे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेच. ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, ती २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. देश प्रजासत्ताक झाला आणि अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचा ब्रिटिश मुकुट उतरून तिथं अशोकस्तंभाचे सिंह आले. मेजरच्या खांद्यावर आज तेच सिंह दिसतात. चिन्ह बदललं, कारण हुकूम कोणाच्या नावानं चालतो, तेच बदललं. पूर्वी राजाच्या नावानं चाले, आता प्रजेच्या.

मग ही चिन्हं काढूनच टाकली तर? तोही प्रयोग झालेला आहे. रशियात क्रांतीनंतर, १९१७ च्या डिसेंबरात, हुद्दे आणि खांदेपट्ट्या रद्द झाल्या. हुद्दे पुढे टप्प्याटप्प्यानं परत आले. खांदेपट्ट्या आल्या त्या १९४३ च्या जानेवारीत, स्टालिनग्राडची लढाई चालू असताना. चीननं १९६५ साली हुद्दे काढले आणि १९८८ साली पुन्हा आणले. समतेची इच्छा काही खोटी नव्हती. पण गोळ्यांच्या वर्षावात 'आता कोणाचं ऐकायचं?' या प्रश्नाचं उत्तर एका नजरेत मिळावं लागतं.

ते उत्तर किती महाग पडतं, हे नाईक यशवंत घाडगे यांच्याकडून समजून घ्यावं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा कोकणी जवान. हुद्दा दोन फितींचा, हाताखाली एक लहानशी तुकडी. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगननं अगदी जवळून त्या तुकडीवर मारा केला. बाकी सारे मेले किंवा जखमी झाले, उभा राहिला तो एकटा नाईक. तो थांबला नाही. धावत जाऊन त्यानं हातबॉम्बनं मशीनगन बंद पाडली आणि एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याचा प्राण घेतला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला.

तेव्हा गुरुजी, मुलांना तारे आणि फिती जरूर मोजायला शिकवा. आणि त्याबरोबर हेही सांगा, की त्या खुणेमागं माणसं असतात. 'यांचा जीव माझ्या शब्दावर आहे' ही कबुली प्रत्येक फौजी आपल्या अंगावर वागवत असतो. नाइकाच्या मागं दहा, जनरलच्या मागं हजारो. त्या माणसांसाठी पुढं कोण जातो, यावरच त्या ताऱ्याची खरी किंमत ठरते.