बाणाची पिसे

बाण म्हटला की आपली दृष्टी प्रथम त्याच्या टोकाकडे जाते. जखम करते ते टोक. म्हणून इतिहासही बहुधा टोकाचाच लिहिला जातो. परंतु उडत्या बाणाला मार्गावर ठेवतात ती मागची पिसे. ही गोष्ट जुन्या लोकांना पुरती ठाऊक होती. संस्कृतात ‘पत्री’ हा शब्द पक्ष्यालाही आहे आणि बाणालाही. कंक पक्ष्याची पिसे लावलेला बाण तो ‘कंकपत्र’.

इंग्लंडात तर या पिसांवर एक वेगळा धंदाच उभा राहिला. लंडनमधले धनुष्य करणारे आणि बाण करणारे कारागीर १३७१ साली एकमेकांपासून विभक्त झाले. बाणकऱ्यांना तिकडे ‘फ्लेचर’ म्हणत. ते आडनाव अजून टिकून आहे. १४१५ साली अॅजिनकोर्टच्या लढाईत पाचव्या हेन्रीने फ्रेंचांचा पराभव केला, त्याचे श्रेय इंग्रज तिरंदाजांना दिले जाते. पण लढाई चालू ठेवायची तर बाण हवेत, आणि बाणांना पिसे हवीत. १४१८ साली त्याच राजाच्या सरकारने आपल्या प्रांताधिकाऱ्यांकडून ११ लाख ९० हजार हंसपिसे मागवली! राज्यविस्ताराची महत्त्वाकांक्षा अशी खेडुतांच्या खुराड्यापर्यंत जाऊन पोचली होती.

ती पिसे आज कोठे आहेत? कोठेच नाहीत. पीस कुजते, किडते. १५४५ साली आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांतले मानाचे जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले. त्याचा सांगाडा १९८२ साली वर काढण्यात आला. गाळात शंभराहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. पिसे नाहीशी झाली होती. पण बऱ्याच बाणांच्या काठ्यांवर गुंडाळलेल्या बारीक दोऱ्याच्या खुणा होत्या, हिरवट डिंकाचे अवशेष होते. त्या डिंकात तांबे आढळले. पिसांना कीड लागू नये म्हणून ते घातले असावे, असे मानतात. ज्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही, त्या कारागिराची सारी अक्कलहुशारी त्या डिंकाने जपून ठेवली!

आता काठी लाकडाची राहिली नाही. विसाव्या शतकात आधी अॅल्युमिनियम आले, मग कार्बनचे तंतू आले. पिसांच्या जागी बहुधा प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. तरी पिसे झडतात, आणि तिरंदाज घरीच ती नव्याने बसवतो. ते काम वाटते तितके किरकोळ नव्हे. जुनी पट्टी काढून डिंक खरवडायचा तो बोथट पात्याने, हलक्या हाताने. पाते आत रुतले तर तंतू तुटतात आणि काठी दुबळी होते. मग काठी किंचित वाकवून, फिरवून, कान देऊन ऐकायची. कडकड आवाज आला, चीर दिसली किंवा कूस उभी राहिलेली आढळली, तर तो बाण मोडून टाकावा. लोभाने ठेवला तर सुटतानाच फुटून धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. काठी निर्दोष असेल तर स्पिरिटने पुसायची, वाळू द्यायची आणि मग त्या जागेला बोटही लावायचे नाही. हाताच्या तेलकटपणाने डिंक धरत नाही. तीन पिसे सारख्या अंतरावर बसली की बाण पुन्हा उडायला सिद्ध झाला.

फ्लेचरचा धंदा बुडाला, पण त्याचे काम बुडालेले नाही. ते आता ज्याच्या त्याच्या घरातल्या टेबलावर आले आहे. फरक एवढाच की, चूक झाली तर तिची किंमत पूर्वी दूरच्या रणांगणावरचा कुणी अनोळखी शिपाई मोजी. आता ती करणाऱ्याच्याच हाताला मोजावी लागते. जुना डिंक खरवडताना तेवढे ध्यानात ठेवावे. ज्याला आपण कचरा म्हणून झाडून टाकतो, तशाच एका थेंबाने चारशे वर्षे समुद्राच्या तळाशी एका अनामिकाची साक्ष सांभाळली होती.