‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’
धरमतर खाडीपलीकडे, मुंबईत, १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. पाश्चात्त्यांची गाजलेली गीते हुबेहूब वाजविणे हीच तेव्हा कौतुकाची परिसीमा होती. या तरुणांनी मात्र १९८८ मध्ये स्वरचित गीतांची ध्वनिफीत काढली. १९९३ मध्ये सिंधू नदीशी नाते सांगणारे ‘इंडस क्रीड’ हे नाव त्यांनी धारण केले; त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंती पुरस्कार लाभला. पुढे हिंदी पॉपची लाट आली. १९९७ मध्ये वृंद विखुरला. २०१० मध्ये तो पुन्हा जुळला खरा, पण मधली तेरा वर्षे गेली ती गेलीच.

आपल्या गायनमंडळात गिटार छेडणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच सांगू: नक्कल टाळ्या मिळवून देते, स्वतःचे गीत ओळख देते. ती ओळख टिकवायला मात्र सोबती लागतात, आणि श्रोतेही.