धुराच्या हिशेबात चुलीचा वाटा

आम्ही मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करतो. गटाची वही उघडली की आपण आधी पाहतो, कुणाच्या नावावर किती? आज एका वायूची तशीच वही उघडू या.

या वायूचं नाव नायट्रस ऑक्साइड. जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानं तो १७७२ च्या सुमारास शोधला. १८४४ साली अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना दुखू नये म्हणून तो वापरून पाहिला. हुंगल्यावर हसू येतं, म्हणून त्याला हसवणारा वायूही म्हणतात. पण एकदा हवेत गेला की तो शंभर वर्षांहून जास्त टिकतो. तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट पृथ्वी तापवतो.

तो येतो कुठून? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०१० साली देशाचा हिशेब प्रसिद्ध केला. हिशेब २००७ सालचा होता. त्या वर्षी देशातून सुमारे २ लाख ३९ हजार टन नायट्रस ऑक्साइड हवेत गेला. त्यात शेतीचा वाटा १ लाख ४६ हजार टन. ऊर्जेचा, म्हणजे वीज, वाहनं, कारखान्यांतलं आणि घरातलं जळण सगळं धरून, सुमारे ५७ हजार टन. म्हणजे रुपयात चार आण्यांहून थोडं कमीच. उरलेला वाटा कारखान्यांतल्या रासायनिक प्रक्रियांचा आणि सांडपाण्याचा.

आता या ५७ हजारांच्या आत डोकावू या. आम्हाला वाटलं होतं, सगळ्यात मोठा आकडा वीज केंद्रांचा असणार. पण देशातली सगळी वीज केंद्रं मिळून जेमतेम पावणेअकरा हजार टन. घरगुती जळणाचे मात्र ३६ हजार टन! लाकूड, गोवऱ्या, काटक्या. म्हणजे ऊर्जेच्या वाट्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग बाईच्या चुलीतून आलेला.

असं का होतं? लाकडात आणि शेणात नत्र असतं. चुलीची आच मंद आणि कमी-जास्त होणारी. अशा जाळात त्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन बाहेर पडतो. वीज केंद्राच्या भट्टीत प्रचंड उष्णता असते, तिथं हा वायू बराचसा जळतानाच मोडून जातो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये तर नत्र जवळजवळ नसतंच.

पण मैत्रिणींनो, वहीचं एकच पान वाचून कुणी बाईला दोष देऊ लागलं तर त्याला पुढचं पान दाखवा. पृथ्वी तापवणारे सगळे वायू एकत्र मोजले, तर त्याच वर्षी वीजनिर्मितीच्या नावावर सुमारे ७२ कोटी टन होते आणि देशातल्या सगळ्या घरांच्या जळणाच्या नावावर १४ कोटी टनांहून कमी. एका वायूत चूल पुढे दिसते, एकूण हिशेबात ती बरीच मागे आहे. आणि चूल ही बाईची आवड नव्हती. तिच्यापर्यंत दुसरं काही पोहोचलंच नव्हतं.

कसं, ते आमच्या उपनगरांच्या इतिहासात दिसतं. मुंबईला विजेची सोय आधी सह्याद्रीच्या पाण्यानं केली. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं, भिरा १९२७ चं. उपनगरांना वीज पुरवणारी बॉम्बे सबर्बन कंपनी १९२९ साली स्थापन झाली. मग चेंबूरच्या पलीकडे, तुर्भ्याच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि १९५६ साली टाटांचं औष्णिक केंद्र सुरू झालं. बर्मा शेलनं १९५५ च्या सुमारास मुंबईत ‘बरशेन’ नावानं स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. ज्यांना परवडलं त्या शहरी घरांतली चूल विझू लागली. आमच्या वस्त्यांत मात्र पुढे कितीतरी वर्षं रॉकेलचा स्टो आणि रेशनची रांग होती. गावातल्या गरीब घरातल्या बाईच्या नावानं गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली ती १ मे २०१६ रोजी. १९५५ ते २०१६, एकसष्ट वर्षं! एवढा काळ धूर कुणाच्या छातीत गेला, हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.

त्याच तुर्भ्यात १९६५ साली खताचा कारखानाही सुरू झाला. आज त्याला आपण आरसीएफ म्हणून ओळखतो. ‘सुफला’ची गोणी तुमच्या बांधावर आली असेलच. खतातलं नत्र पिकानं घेतलं नाही, तर जमिनीतले जिवाणू त्याचा काही भाग याच वायूत बदलतात. म्हणून शेतीचा वाटा सगळ्यात मोठा. नत्राचं खत एकदम न फेकता हप्त्याहप्त्यानं, पिकाला लागेल तसं दिलं, तर वायू कमी होतो आणि पैसाही वाचतो. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावणं सक्तीचं झालं. त्यामुळे नत्र हळूहळू सुटतं.

येत्या बैठकीत दोन प्रश्न जरूर घ्या. आपल्या गटात किती जणींकडे गॅसची जोडणी आहे, आणि गेल्या वर्षात कुणी किती टाक्या भरल्या? जोडणी असून टाकी कोपऱ्यात रिकामी पडली असेल, तर चूल विझलेली नाही. टाकी भरण्यासाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज देता येईल का, तेही ठरवा. आणि झालेला हिशेब ग्रामसभेत मांडा. आपल्या चुलीचा आकडा सरकारच्या वहीत आहे, मग तो कमी करायला लागणारा पैसाही त्याच वहीतून मागायचा आपल्याला हक्क आहे.