चोरून आणलेली फांदी

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गावच्या घराचं अंगण कोब्याचं झालं. त्याआधी ते मातीचं होतं आणि सणवाराला, पाहुणे यायचे असले की, एरवीही आठ-पंधरा दिवसांनी शेणानं सारवावं लागायचं. सारवायची आई. होस्टेलवरून फोनवर मी हळहळलो, ‘मातीचं अंगण किती छान होतं’ वगैरे म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तू ये की सारवायला.”

त्या एका वाक्यानंतर मी मातीच्या अंगणाबद्दल गहिवरून बोलणं बंद केलं. पण पहिल्याच उन्हाळ्यात कोब्यानं आपला रंग दाखवला. दुपारी अनवाणी पाय टेकवत नव्हता. सूर्य मावळल्यावरही फरशी तासन्‌तास धग सोडत राहायची. सगळं करडं, सपाट. मग आईनं कुंड्या मांडायला सुरुवात केली. कुंड्या म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि तेलाचे डबे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडून. तापलेल्या कोब्यानं मुळं भाजू नयेत म्हणून प्रत्येकाखाली दोन विटा.

पहिला आला मनी प्लांट. तो तिनं शेजारच्या काकूंच्या दारातून गुपचूप मोडून आणला. दुकानदारानं दोन रुपये जास्त परत दिले तर उन्हातून परत करायला जाणारी माझी आई! विचारलं तर म्हणाली, मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरूनच आणावा लागतो. मग स्नेक प्लांट, क्रोटन, अरेका पाम, रबर प्लांट असं एकेक येत गेलं. वर्षभरात अंगण बाराही महिने हिरवं दिसायला लागलं.

एकदा सुट्टीत बसल्या बसल्या मी या झाडांची मूळ गावं शोधली. मनी प्लांट पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा. क्रोटन इंडोनेशिया-मलेशिया आणि आसपासच्या बेटांचा. अरेका पाम मादागास्करचा. त्यातल्या त्यात जवळचा रबर प्लांट, तो ईशान्य भारताकडचा. आमच्या दख्खनच्या मातीतलं एकही नाही. तीन-चार समुद्रांपलीकडची झाडं एका कोब्यावर जमली कशी?

कुंडीतलं झाड अंगणात ठेवायची कल्पना काही आपल्याला बाहेरून शिकावी लागली नाही. तुळशी वृंदावन म्हणजे दुसरं काय आहे? चौकोनी ओटा, वर माती भरायला जागा, पुढे दिव्यासाठी कोनाडा. पण तुळस शेजारच्या घरातून, फार तर शेजारच्या गावातून यायची. मंजिरीचं बी पडलं की रोप उगवायचं. समुद्र ओलांडून जिवंत झाड आणणं ही वेगळीच अडचण होती.

शिडाच्या जहाजावर महिनोन्‌महिने प्रवास. डेकवर ठेवलं तर खारं पाणी पानं जाळणार, खाली ठेवलं तर उजेड नाही. गोडं पाणी माणसांनाच मोजून मिळायचं, तिथे रोपाला कोण घालणार? मकाऊमधल्या जॉन लिव्हिंगस्टन नावाच्या डॉक्टरनं १८१९ मध्ये हिशोब मांडला होता की चीनहून इंग्लंडला पोचणाऱ्या एका जिवंत रोपामागे हजार रोपं मरतात.

ही अडचण सोडवणारा माणूसही डॉक्टरच होता आणि त्याचा प्रश्न आईसारखाच होता. आपलं रुक्ष अंगण हिरवं कसं करायचं, एवढाच. नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड पूर्व लंडनमध्ये, गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये राहायचा. त्यानं अंगणात दगड रचले, वरून भोकं पाडलेल्या नळीतून पाणी ठिबकत ठेवलं आणि नेचे लावले. आजूबाजूच्या कारखान्यांच्या धुरानं ते सगळे मेले.

१८२९ मध्ये त्यानं एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला. त्याला पतंग बाहेर येताना बघायचा होता. बाटलीच्या आत दिवसा वाफ धरायची, काचेवर थेंब जमायचे आणि पुन्हा मातीत उतरायचे. काही दिवसांनी मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं वर आलं. अंगणात जे जगलं नाही ते बंद बाटलीत आपोआप उगवलं होतं. वॉर्डनं ती बाटली खिडकीबाहेर ठेवली. पाणी न घालता ती झाडं तीन वर्षांहून जास्त जगली. शेवटी झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि ती कुजली.

झाडाला बाहेरच्या हवेपासून वाचवलं आणि त्याचं पाणी त्यालाच परत मिळालं तर ते कुठेही जगू शकतं, हे वॉर्डच्या लक्षात आलं. १८३३ मध्ये त्यानं लाकूड आणि काचेच्या दोन बंद पेट्यांत नेचे आणि गवत भरून त्या जहाजावर सिडनीला पाठवल्या. रोपं ठणठणीत पोचली. पुढच्या वर्षी त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली झाडं भरली. सिडनीचा उन्हाळा, वाटेतला बर्फ, विषुववृत्तावरचं ऊन, सगळं सोसून ती लंडनला हिरवीगार उतरली. हॅकनीच्या लॉडिजेस नर्सरीचा अनुभव असा की पूर्वी वीसातली एकोणीस रोपं मरायची, आता एकोणीस जगायला लागली.

लंडनच्या काळवंडलेल्या घरांत मग बाहेरगावची सदाहरित झाडं येऊन बसली. जपान-तैवानकडची अस्पिडिस्ट्रा तर पेटीशिवायच टिकायची. गॅसच्या दिव्याचा धूर, अंधारे कोपरे, पाण्याची हयगय, काहीही चालायचं. तिला लोक ‘बिडाचं झाड’ म्हणायचे. पुढे ती मध्यमवर्गीय घराची इतकी ठरलेली खूण झाली की जॉर्ज ऑरवेलनं १९३६ च्या एका कादंबरीच्या नावातच तिला घेतलं.

पण ती पेटी फक्त दिवाणखाने सजवून थांबली नाही. ईस्ट इंडिया कंपनीसाठी रॉबर्ट फॉर्च्युन १८४८ मध्ये चिनी वेश करून, डोकं भादरून चहाच्या मुलखात शिरला आणि चहाची हजारो रोपं वॉर्डच्या पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी घेऊन आला. ब्राझीलमधून आणलेल्या बियांची रबराची रोपं १८७६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून याच पेट्यांत श्रीलंकेला गेली. ज्यांच्या जमिनीतून ती रोपं गेली त्यांच्या हातात काही आलं नाही. जिथे ती लागली तिथल्या मळ्यांत मजूर राबले आणि नफा तिसऱ्याच देशात गेला. अंगण हिरवं करायला निघालेल्या एका डॉक्टरच्या पेटीनं साम्राज्याचा धंदा चालवला.

कुंडीतला आपला रबर प्लांट मात्र तो नव्हे. तो वडाच्या कुळातला. मेघालयात याच झाडाची मुळं ओढ्यावरून पलीकडे वळवून लोक जिवंत पूल विणतात, त्यांवरून माणसं ये-जा करतात. आमच्या अंगणात तो रंगाच्या बादलीत आहे. मनी प्लांटचंही तसंच. मोठ्या झाडावर चढायला मिळालं की त्याची पानं हातभर होतात, कडेनं फाटतात. आपल्याकडे तळहाताएवढी राहतात, कारण आपण त्याला तेवढीच जागा देतो. यांतल्या बऱ्याच झाडांचे पूर्वज घनदाट जंगलात उंच झाडांच्या सावलीत वाढले. तिथे पानगळीचा हिवाळा नाही आणि उजेड गाळून येतो. म्हणूनच ती कमी उजेडात बारा महिने हिरवी राहतात. नर्सरीवाला ‘याला काही करावं लागत नाही’ म्हणतो तेव्हा तो या जुन्या सवयीबद्दल बोलत असतो.

हल्ली ॲपवर हीच झाडं ‘हवा शुद्ध करणारी’ म्हणून विकतात. त्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला. उघड्या खिडकीइतकं काम करायला दर चौरस मीटरला निदान दहा कुंड्या लागतील, कदाचित हजार. वॉर्डनं घाण हवेपासून झाडांना काचेत लपवलं होतं. आपण आता त्याच झाडांनी आपली हवा धुवावी अशी अपेक्षा करतोय. आईच्या कुंड्यांनी गावची हवा बदललेली नाही. पण तिथे आता पाय टेकवतो, संध्याकाळी खुर्ची टाकून बसता येतं.

मनी प्लांटची अजून एक गंमत आहे. त्याला फूल जवळजवळ कधीच येत नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी कारण दाखवलं. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारा त्याचा जनुक नीट काम करत नाही. फूल नाही, म्हणून बी नाही. म्हणजे जगभरातला मनी प्लांट वाढला तो कुणीतरी एक पेर मोडून दुसरीकडे खोचल्यामुळे. माणसानं उचलून नेलं नसतं तर तो आमच्या अंगणापर्यंत पोचलाच नसता. आईचा ‘चोरूनच लागतो’ हा नियम मला आता तितकासा वेडगळ वाटत नाही. फक्त फॉर्च्युनच्या चोरीत आणि तिच्या चोरीत फरक आहे. तिनं एक पेर घेतलं, काकूंचा वेल तसाच राहिला, उलट मोडल्या जागी दोन फुटवे आले.

मागच्या दिवाळीत दुपारी मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. गल्लीतल्या नव्यानं राहायला आलेल्या एक ताई अंगणात आल्या, आईशी बोलता बोलता त्यांची नजर सारखी मनी प्लांटकडे जात होती. आईनं ते बघितलं. “थांबा हं, चहा टाकते,” म्हणून ती आत गेली आणि जाता जाता मलाही हाक मारली, “अरे, जरा आत ये.”

चहाला त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.