एका पदकाची पन्नास वर्षं

श्रोतेहो, खेळांचा इतिहास म्हटलं की कोण जिंकलं, कुठे जिंकलं आणि कोणत्या साली जिंकलं, एवढंच आपण पाहतो. आज ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या नावावर अशा नोंदी फार नाहीत. त्यांची सगळ्यांत गाजलेली लढत एकच, आणि तिचं पदकसुद्धा त्याच दिवशी त्यांच्याकडून परत घेतलं गेलं. तरीही आज कुठल्याही देशाची मुलगी ऑलिंपिकमध्ये ज्युदो खेळायला उतरते, तेव्हा तिच्या पायाखालच्या चटईत या बाईंच्या घराची एखादी वीट असते, असं मला वाटतं. मी कवितेचा माणूस असलो तरी ही नुसती कविकल्पना नव्हे. ती वीट तिथे कशी गेली, ते पुढे येईलच.

या बाईंचं नाव रस्टी कानोकोगी. नाव अर्धं जपानी वाटतं, पण जन्म अमेरिकेतला. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात 1935 साली एका ज्यू कुटुंबात त्या जन्मल्या. पाळण्यातलं नाव रीना ग्लिकमन. बालपण कोनी आयलंडच्या वस्तीत गेलं. समुद्रकिनारा, जत्रेतल्यासारखे पाळणे आणि गर्दी अशी त्या भागाची ख्याती. पण जिथे जत्रा असते तिथे मागच्या गल्लीत हातघाईही असते. रीनाचं घर काही सुखाचं नव्हतं. ती गल्लीतच वाढली. मुलींची एक टोळी तिने जमवली होती आणि त्या टोळीची ती म्होरकी होती. ‘रस्टी’ हे नाव वस्तीतल्या एका कुत्र्याचं. ते तिला चिकटलं आणि जन्मभर राहिलं. तिनेही ते कधी टाकलं नाही.

विशीत असताना, 1955 च्या सुमाराला, ओळखीच्या एका मुलाने तिला ज्युदोचा एक डाव दाखवला. अंगापिंडाने मजबूत असलेल्या या मुलीला कुणी सहज उचलून टाकतो, आणि त्यात राग नाही, शिवीगाळ नाही, हे तिला नवीन होतं. तिने ठरवलं, हे शिकायचं.

इथे ज्युदोविषयी थोडं सांगायला हवं. ही विद्या जपानची. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने 1882 साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत आपली शाळा काढली. तिचं नाव कोदोकान. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार बाजूला ठेवून त्यांनी शरीर, मन आणि शील घडवणारी नवी पद्धत बसवली. ‘ज्यु’ म्हणजे मऊपणा, नमतं घेणं. समोरचा ढकलतो तेव्हा आपणही उलट ढकलायचं नाही. त्याचाच जोर वापरून त्याचा तोल काढायचा. आपल्या तालमीत वस्ताद पोराला आधी दंड-बैठका काढायला लावतो, तसं ज्युदोत आधी पडायला शिकवतात. चटईवर हात आपटून, मान सांभाळून, इजा न होता कसं पडावं, हा पहिला धडा. पाडणं नंतर येतं. आपण ज्याला चितपट म्हणतो, त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे ‘इप्पोन’. समोरच्याला जोरात, पाठीवर स्वच्छ टाकलं की लढत संपली.

कानोंनी स्त्रियांनाही ज्युदो शिकवला, हे त्यांचं मोठेपण. 1926 साली कोदोकानमध्ये स्त्रियांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पण स्त्रियांनी रचनाबद्ध प्रकार करावेत, सराव करावा, स्पर्धेत मात्र उतरू नये, असा त्या काळचा शिरस्ता होता. पुढे अनेक देशांत ज्युदो पोचला तेव्हा हा शिरस्ताही त्याच्याबरोबर गेला. पुरुषांची जागतिक स्पर्धा 1956 साली टोकियोत झाली. स्त्रियांसाठी तसं काहीच नव्हतं.

आता 1959 सालाकडे येऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका या गावी वाय.एम.सी.ए.ची ज्युदो स्पर्धा होती. रस्टी आपल्या संघाबरोबर गेली होती, राखीव खेळाडू म्हणून. केस आखूड कापलेले, छाती पट्ट्यांनी घट्ट बांधलेली. संघातला एक खेळाडू जखमी झाला आणि तिची पाळी आली. प्रशिक्षकाने बजावलं, बरोबरी साधून ये, लक्ष वेधून घेऊ नकोस. पण हात पकडीत गेल्यावर बरोबरी साधायची म्हणजे काय, हे त्या हातांना ठाऊक नव्हतं. तिने समोरच्या पुरुष खेळाडूला उचलून टाकलं. तिचा संघ जिंकला. पदकं वाटली गेली.

नंतर आयोजकांपैकी एकाने तिला बाजूला बोलावून विचारलं, तू मुलगी आहेस का? तिने हो म्हटलं. पदक परत द्यावं लागलं.

श्रोतेहो, या ठिकाणी कुणी म्हणेल की वेश बदलून स्पर्धेत उतरणं ही फसवणूकच झाली. हा आक्षेप टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. स्पर्धेत फसवणूक म्हणजे काय? जे बळ आपलं नाही ते आपलं म्हणून दाखवणं. कुणी औषध घेऊन धावतो, कुणी वजनात लबाडी करतो, कुणी पंचाला वश करतो. रस्टीने यातलं काय केलं? तिने स्वतःचं बळ वाढवून दाखवलं नाही. तिने फक्त आपण कोण आहोत ते झाकलं, कारण ते उघड असतं तर चटईपर्यंतच कुणी येऊ दिलं नसतं. पट्टी तिच्या छातीवर होती, डाव मात्र उघडा होता. आणि सरळ प्रश्न आला तेव्हा उत्तरही सरळ दिलं. नाही म्हणून ती सुटली असती की नाही, ते सोडा; ती नाही म्हणाली नाही, एवढं खरं.

मला इथे एक शब्द आठवतो, ‘हक्क’. मराठीत आपण तो अधिकार या अर्थाने वापरतो. मूळ अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे आला. पण अरबीत आणि उर्दूत त्याचा आणखी एक अर्थ आहे, सत्य. एकाच शब्दात अधिकारही आणि सत्यही. युटिकात त्या दिवशी या दोन अर्थांची फारकत झाली. तिने सत्य सांगितलं आणि त्याच क्षणी तिचा अधिकार गेला. पुढची सारी वर्षं ही बाई हे दोन अर्थ पुन्हा एका शब्दात आणण्यासाठी झगडली, असं मला तिचं चरित्र वाचताना वाटत राहिलं.

अमेरिकेत दार बंद, म्हणून 1962 साली ती थेट ज्युदोच्या घरी गेली, टोकियोला. कोदोकानमध्ये तिला रीतीप्रमाणे स्त्रियांच्या विभागात घातलं. पण तिथे तिच्या ताकदीला जोड मिळेना. अखेर तिला मुख्य दालनात पुरुषांबरोबर सराव करायची परवानगी मिळाली. अशी परवानगी मिळालेली ती पहिली स्त्री. जिथून शिरस्ता जगभर गेला, तिथेच त्याला पहिली चीर पडली, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याच टोकियोत तिला र्‍योहेई कानोकोगी भेटले. तेही ज्युदोचे जाणकार, कराटेतही काळा पट्टा मिळवलेले. 1964 साली दोघांनी न्यूयॉर्कमध्ये लग्न केलं आणि रीना ग्लिकमनची रस्टी कानोकोगी झाली. योगायोग असा की त्याच वर्षी टोकियोत ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. फक्त पुरुषांसाठी.

लग्नानंतर ब्रुकलिनमध्ये रस्टीबाई शिकवू लागल्या. त्यांची स्वतःची स्पर्धा खेळायची वर्षं तशीच निघून चालली होती. खेळायला स्पर्धाच नव्हती. अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर शिक्षक होतो. त्या शिक्षक झाल्या. मुलींना शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं, की या मुलींना डाव शिकवून भागणार नाही; त्यांना चटई मिळवून द्यावी लागेल.

ऑलिंपिकचं गणित असं, की एखादा खेळ स्त्रियांसाठी घ्यायचा तर तो पुरेशा देशांतल्या स्त्रिया खेळतात हे दिसायला हवं. म्हणजे आधी जागतिक स्पर्धा हवी. आणि जागतिक स्पर्धेला लागतो पैसा. रस्टीबाईंनी ठरवलं, स्पर्धा आपण घ्यायची, आणि ती न्यूयॉर्कमध्येच. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं. सुरुवातीला मी वीट म्हणालो, ती ही.

1980 च्या नोव्हेंबरात, 29 आणि 30 तारखेला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या फेल्ट फोरम या सभागृहात स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा झाली. 27 देशांच्या खेळाडू आल्या. 48 किलोखालच्या गटात ब्रिटनची जेन ब्रिज जिंकली, खुल्या गटात बेल्जियमची इन्ग्रिड बेर्गमान्स. पुरुषांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेनंतर 24 वर्षांनी हे घडलं. या मुलींपैकी कुणालाही छातीला पट्ट्या बांधाव्या लागल्या नाहीत.

तरी ऑलिंपिकचं दार लगेच उघडलं नाही. 1984 साली लॉस एंजलिसला ज्युदो होता, पण पुरुषांचाच. त्याच वर्षी व्हिएन्नात अ‍ॅनमारिया बर्न्स हिने जागतिक स्पर्धा जिंकली. ज्युदोत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली अमेरिकन व्यक्ती. पुरुषांतही तोवर कुणाला ते जमलं नव्हतं. पण घरच्या ऑलिंपिकमध्ये तिला जागा नव्हती. रस्टीबाईंनी पत्रं लिहिली, पदाधिकाऱ्यांच्या पाठी लागल्या, वेळ पडल्यास न्यायालयात जाण्याची तयारीही दाखवली. 1988 साली सोलमध्ये स्त्रियांचा ज्युदो प्रदर्शनी खेळ म्हणून आला. अमेरिकेच्या स्त्रियांच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या रस्टी कानोकोगी. आणि 1992 साली बार्सिलोनात तो पूर्ण पदकांचा खेळ झाला. पुरुषांचे सात वजनगट, स्त्रियांचेही सात. यजमान स्पेनच्या मिरियम ब्लास्को आणि अल्मुदेना मुन्योस या दोघींनी सुवर्णपदकं मिळवली. पुरुषांच्या प्रवेशानंतर याला 28 वर्षं लागली होती.

ही लढाई एकट्या रस्टीबाईंची नव्हती, हेही सांगायला हवं. केइको फुकुदा यांचंच पाहा. कानोंच्या गुरूंची ही नात. 1935 साली कोदोकानमध्ये शिकू लागली, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत राहिली. स्त्रियांना पाचव्या दानच्या, म्हणजे पाचव्या श्रेणीच्या, वर जाऊ न देण्याच्या प्रथेमुळे ती जवळजवळ वीस वर्षं एकाच पायरीवर उभी राहिली. कोदोकानने 2006 साली तिला नववा दान दिला आणि 2011 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दहावा. रस्टीबाई दार ठोठावत होत्या, फुकुदाबाई दारात शांत बसून होत्या. दार उघडायला दोन्ही लागलं. जुजुत्सूतून ज्युदो घडवणाऱ्या कानोंनी दोन सूत्रं सांगितली होती: शक्तीचा उत्तम उपयोग आणि परस्परांचं कल्याण. त्यांची शाळा पहिलं सूत्र लवकर शिकली. दुसऱ्याला वेळ लागला.

2008 साली जपान सरकारने रस्टी कानोकोगींना ‘उगवता सूर्य’ हा सन्मान दिला. ज्या देशाची विद्या, त्या देशाने पाठीवर हात ठेवला. त्या वेळी त्या रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. पुढच्या वर्षी, 2009 च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्या वाय.एम.सी.ए.ने त्यांना सुवर्णपदक दिलं. युटिकाच्या स्पर्धेला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला, 74 व्या वर्षी, त्या गेल्या. पदक त्यांच्याजवळ तीन महिने राहिलं.

उशिरा मिळालेला न्याय हा न्याय असतो का, असा प्रश्न अशा वेळी विचारला जातो. माझं मत असं, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापुरता तो अपुराच असतो. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला जी स्पर्धा खेळायची होती, ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी पदक देऊन खेळता येत नाही. पण पदक देणारी संस्था ‘आम्ही चुकलो’ हे लेखी नोंदीसारखं जगापुढे ठेवते, आणि त्या नोंदीचा उपयोग नंतर येणाऱ्यांना होतो. हक्क या शब्दाचे दोन अर्थ तिथे पुन्हा जवळ येतात.

नंतर आलेल्यांचंही थोडं सांगतो. 2012 साली लंडनमध्ये अमेरिकेला ज्युदोतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं. ते मिळवलं केला हॅरिसन या मुलीने, आणि 2016 साली रिओत तिनेच पुन्हा मिळवलं. 2021 मध्ये टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे ज्युदोला एकच खेळाडू होती, मणिपूरची सुशीला देवी. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. या मुलींनी रस्टी कानोकोगी हे नाव ऐकलं असेल किंवा नसेलही. वजन करून, नाव पुकारलं गेलं की त्या सरळ चटईवर जातात. तू मुलगी आहेस का, असं त्यांना तिथे कुणी विचारत नाही.