मराठीचा द्राविडी शेजार

गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांतील डोंगराळ रानांत कचारगडची प्रशस्त गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथें दूरदूरच्या राज्यांतून गोंड यात्रेकरू जमतात. त्यांची गोंडी भाषा मराठी-हिंदीच्या कुळांतील नव्हे; ती तमिळ, तेलुगु, कानडी यांची बहीण, म्हणजे द्राविडी आहे. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडांत तिची गणना द्राविडी भाषांतच केली आहे.

आर्यभाषांच्या वेढ्यांतील हें बेट पाहिलें म्हणजे सहज प्रश्न पडतो. मराठी केवळ प्राकृतांतून घडली, कीं प्राकृत उचलणाऱ्या लोकांची आधींची भाषाहि तिच्यांत उतरली?

असाच प्रश्न युरोपांत इंग्रजी व जर्मन यांच्या पूर्वज भाषेविषयीं निघाला. समुद्र, जहाज अशा अर्थांच्या तिच्या कांहीं शब्दांचें मूळ आर्यकुळांत नीट लागेना. उत्तर युरोपांतील मूळच्या लोकांनीं परकी आर्यभाषा स्वीकारली व तिच्यांत आपली छाप ठेवली, असें फाइस्ट या पंडितानें १९३२ सालीं मांडलें. परंतु ती आधींची भाषा आज कोठेंच उरलेली नाहीं. पुढें त्यांतील पुष्कळ शब्दांचीं आर्य मुळें सुचविण्यांत आलीं व वाद अनिर्णीत राहिला.

महाराष्ट्रांत मात्र साक्षीदार हयात आहेत. विटीदांडू खेळतांना मुलें वकट, लेंड, मूंड, नाल असें मोजीत. तेलुगूंत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. गोंडींत उंदी, रंड, मूंद, नालूंग. घरांतल्या अक्का-अण्णांचें नातेंहि दक्षिणेकडेच पोंचतें. तथापि शब्द हें उसनें मिळणारें धन आहे. त्यावरून शेजार सिद्ध होतो, रक्तसंबंध नव्हे.

व्याकरणाची साक्ष अधिक खोल जाते. ऐकणारा वगळावयाचा असला तर मराठी माणूस ‘आम्ही’ म्हणतो, त्यास सामील करावयाचें असलें तर ‘आपण’. संस्कृतच्या ‘वयम्’मध्यें हा भेद नाहीं, तमिळच्या ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ यांत तो आहे. ‘पाऊस आला म्हणून थांबला’ या वाक्यांत बोलण्याच्या क्रियापदापासून झालेलें अव्यय कारण दाखवितें. कानडीचें ‘एंदु’ व तेलुगूचें ‘अनि’ हीं त्याच घडणीचीं. चाक आणि चहा यांतील ‘च’चे दोन उच्चार तेलुगूंतहि आढळतात.

या साक्षीचें वजन किती, यावर मतभेद आहेत. ज्यूल ब्लॉक यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मराठीची परंपरा प्राकृतांतून टप्प्याटप्प्यानें दाखविली. साउथवर्थ यांनीं १९७१ सालीं, प्राकृत व द्राविडी बोलणाऱ्यांच्या दीर्घ संपर्कांतून ती मिश्र भाषा म्हणून जन्मली असावी, असें सुचविलें. तिचे बहुतेक धातु व प्रत्यय आर्य आहेत, हें कोणीच नाकारीत नाहीं; वाद आहे तो ते कोणाच्या जिभेवर वळले याचा.

गोंडी ही मराठीची माता नव्हे. पण त्या हरवलेल्या जिभेची ती एक जिवंत आप्त असावी. २०११ च्या खानेसुमारींत तिचे भाषक सुमारें २९ लाख ८४ हजार होते. घरीं गोंडी व शाळेंत मराठी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडून एक भाषा दुसरींत कशी मिसळते, तें आजहि ऐकतां येतें. तिला रानटी बोली म्हणून दूर सारणारा मराठी माणूस आपल्याच घराण्याचा एक जुना दस्तऐवज न वाचतां फेंकून देतो.